‘विशेष गरजा’ ही संज्ञा रुळली कशी?

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर मुलांची अपंगत्वानुसार अकरा गटांत विभागणी झाली. अंध, कर्णबधिर, अपस्मार असलेली, मधुमेही, वाचादोष असलेली, अशी ती यादी. मुलाचा गट ठरला की बहुतेक वेळा त्याची शाळाही ठरून जायची. काहींवर तर ‘शिक्षणास अपात्र’ असा शिक्का बसे आणि शाळेचं दारच बंद होई. हा शिक्का १९७१ मध्ये रद्द झाला, म्हणजे अगदी अलीकडे.

ही वर्गवारी मोडीत काढा, असं तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९७८ च्या अहवालात सुचवलं. मुलात काय कमी आहे हे शोधत बसण्याऐवजी त्याला शिकायला कोणती मदत लागेल ते पाहा, हे तिचं म्हणणं. ‘विशेष शैक्षणिक गरजा’ ही संज्ञा रुळली ती इथून. शालेय वयात पाचातल्या एका मुलाला कधी ना कधी जादा मदत लागते, असा समितीचा अंदाज होता. विशेष शाळांत तेव्हा जेमतेम दोन टक्के मुलं होती. मदत लागणारी उरलेली मुलं सर्वसाधारण वर्गांतच बसलेली होती, बहुतेकदा मदतीविना. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच.

मदतीच्या हेतूने केलेली गोष्टही कशी उलटू शकते, ते त्याआधी पॅरिसमध्ये दिसलं होतं. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमत्ता चाचणी तयार केली, ती जादा लक्ष द्यावं लागणारी मुलं ओळखण्यासाठी. बुद्धी वाढू शकते असं बिने मानत. पुढे अनेक ठिकाणी तीच चाचणी मुलांना वेगळं काढायची चाळणी बनली.

अमेरिकेने १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलासाठी लेखी वैयक्तिक आराखडा बंधनकारक केला. इटलीने १९७७ मध्ये वेगळे वर्ग बंद करून सर्वसाधारण वर्गातच साहाय्यक शिक्षक दिले. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांनी सर्वसमावेशक शाळांचा जाहीरनामा स्वीकारला. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात कलम २४ ने त्याला हक्काचं रूप दिलं.

या कलमाचा अर्थ उलगडताना कराराच्या समितीने २०१६ मध्ये एक फरक स्पष्ट केला. मुलाला वर्गात बाक मिळाला, पण धडा, शिकवण्याची रीत आणि परीक्षा जशीच्या तशी राहिली, तर तो समावेश धरता येणार नाही.