व्हिसाचा विमा सायकलप्रवासाला पुरतो का?

युरोपातल्या लांब सायकलप्रवासाची तयारी करणाऱ्या मुंबईकरांमध्ये एक समज वर्षानुवर्षे पक्का आहे: शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढावाच लागतो, तेव्हा वेगळे काही पाहण्याची गरज नाही. हा समज चुकीचा आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेने ही किमान रक्कम तातडीचे व रुग्णालयातील आपत्कालीन उपचार, वैद्यकीय कारणाने मायदेशी आणणे आणि मृत्यू यांच्या खर्चासाठी ठरवली आहे. सायकलची चोरी किंवा मोडतोड, अथवा आपल्या धडकेने पादचाऱ्याला झालेली इजा यांचा त्या अटीत समावेशच नाही.

खरी मेख पॉलिसीच्या ‘अपवाद’ या भागात असते. तिथे साहसी खेळ आणि शर्यती अनेकदा वगळलेल्या आढळतात; परंतु मागे सामान बांधून, आल्प्सचे घाट चढत रोज शंभर किलोमीटर चालवलेली सायकल त्या शब्दांत मोडते की नाही, हे वाचून क्वचितच कळते. त्यामुळे दादरच्या ओळखीच्या एजंटाने फोनवर दिलेल्या ‘सगळं कव्हर आहे’ या आश्वासनावर कृपया विसंबू नये. मार्ग, रोजचे अंतर आणि ई-सायकल असल्यास तसा स्पष्ट उल्लेख करून कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्यावे, आणि दावा नाकारला गेल्यास हाताशी असावे म्हणून ते जपून ठेवावे.

वार्षिक पॉलिसी असल्यास प्रत्येक प्रवासाची दिवसमर्यादाही तपासावी, कारण दोन-तीन महिन्यांची सफर त्या मर्यादेपलीकडे सहज जाते.