टॉप पेअर आणि आक्रमक खेळाडू (लो-स्टेक्स लाइव्ह पोकर)

टॉप पेअर म्हणजे टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात आपल्या हातातल्या दोन पत्त्यांपैकी एकाची फ्लॉपवरच्या (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी लागणं. हातात एक्का-राणी आहे आणि फ्लॉप राणी-८-५ आला, तर झाली टॉप पेअर, आणि सोबतचा पत्ता एक्का असल्यामुळे किकरही सगळ्यात वरचा. हातातले दोन पत्ते वेगवेगळे असतील तर फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही लागायची शक्यता साधारण ३२ टक्के, म्हणजे तीनातून दोन वेळा हात कोराच राहतो, त्यामुळे एकदाची लागली की माणूस तिच्यात जीव अडकवून बसतो आणि समोरून जोरात पैसे यायला लागले की पंचाईत होते.

तीनपत्ती खेळून पोकरकडे आलेल्यांचा तर इथे हमखास घोळ होतो. तीन पत्त्यांत जोडी येते १७ टक्के वेळा आणि जवळपास तीन-चतुर्थांश वेळा समोरच्याकडे नुसता मोठा पत्ता असतो, तिथे जोडीवर चाल देत राहणं बरोबरच आहे. होल्डेममध्ये शेवटी हातातले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सात पत्त्यांतून पाच निवडायचे असतात आणि सगळे पत्ते उघडेपर्यंत थांबलं तर ४४ टक्के वेळा एक जोडी होते, २३ टक्क्यांहून जास्त वेळा दोन जोड्या. म्हणजे एक जोडी हा मधल्या फळीतला हात आहे.

लो-स्टेक्स लाइव्ह म्हणजे लास वेगासमधल्या १/२ किंवा १/३ डॉलर ब्लाइंड्सच्या (दोघांनी पत्ते बघण्याआधीच सक्तीने टाकायचे पैसे) टेबलांसारखा खेळ, शे-दोनशे-तीनशे डॉलर घेऊन बसलेली नऊ-दहा माणसं, त्यात सुट्टीवर आलेले, रिटायर झालेले, कामावरून थेट आलेले असे सगळे. या लेव्हलचं वैशिष्ट्य म्हणजे बहुतेक लोक कॉल (समोरच्याने टाकले तेवढेच पैसे टाकणं) फार करतात आणि रेज (त्याहून जास्त टाकणं) कमी करतात, आणि म्हणूनच जो एक जण सतत रेज करतोय तो डोळ्यात भरतो. पण डीलर पत्ते पिसणार, लोक चिप्स मोजणार, मध्येच गप्पा, असं करत तासाला २५-३० हँड होतात, तेवढ्यात एखाद्याने चार वेळा रेज केलं म्हणून तो वेडा ठरत नाही, त्याला खरंच चार वेळा चांगले पत्ते आलेले असू शकतात. आणि प्री-फ्लॉप धुमाकूळ घालणारा माणूस रिव्हरवरही (पाचवा, शेवटचा उघडा पत्ता) तितकाच धुमाकूळ घालेल असंही नाही. कितीतरी जण फ्लॉपच्या आधी काहीही घेऊन रेज करतात, फ्लॉपवर एक बेट टाकतात, आणि कोणी कॉल केलं की गपचूप चेक (पैसे न टाकता पाळी पुढे ढकलणं) करायला लागतात. असा माणूस टर्न (चौथा उघडा पत्ता) आणि रिव्हर दोन्हीवर मोठी बेट टाकतोय तर त्याला हलक्यात घ्यायचं कारण नाही. खरा मॅनियाक तो जो तीनही स्ट्रीटवर (फ्लॉप, टर्न, रिव्हर) ड्रॉ, म्हणजे अजून एखादा पत्ता लागला तरच बनणारा हात, घेऊन बेट मारतो, तो ड्रॉ शेवटी फसला तरीही, आणि हे कळायला त्याचे पत्ते शोडाउनला (शेवटी पत्ते दाखवताना) उघडलेले बघावे लागतात.

१/३ डॉलरचं टेबल, दोघांकडे ३०० डॉलर. आक्रमक गडी १५ डॉलर करतो, आपण बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी चाल येते ती जागा) चौकट एक्का आणि किलवर राणी घेऊन कॉल, ब्लाइंड्स फोल्ड (पत्ते टाकून दिले), पॉट (मधे जमलेले पैसे) ३४. फ्लॉप बदाम राणी, बदाम ८, इस्पिक ५. तो २० टाकतो, आपण कॉल, पॉट ७४. टर्न चौकट २, तो ५०, कॉल, पॉट १७४. रिव्हर किलवर २, आता तो १२० टाकतो. १२० देऊन एकूण ४१४ च्या पॉटसाठी खेळायचंय, म्हणजे २९ टक्के वेळा जरी आपण पुढे असलो तरी कॉल फुकट जात नाही. आपल्याला हरवणारं काय काय आहे? सेट (हातातली जोडी आणि टेबलावरचा तसाच तिसरा पत्ता) धरले तर तीन राण्यांचा एक कॉम्बो (हातात येऊ शकणारी दोन पत्त्यांची जुळणी), अठ्ठ्यांचे तीन, पंजांचे तीन. हातात एक्क्यांची जोडी असण्याचे तीन, राजांची सहा, दुऱ्यांची एक, एकाच रंगाचे राणी-८ दोन. झाले एकोणीस. मोजायला सोपं म्हणून एवढेच धरू. मग फसलेले किंवा आपल्याहून कमकुवत आठ कॉम्बो निघाले तरी भागतं. मॅनियाककडे एकट्या बदामाचे फसलेले ड्रॉच तेवढे असतात, गुलाम-१०, १०-९, ९-७ असलं काहीही, शिवाय ७-६ वेगळे, आणि राजा-राणी घेऊन आपणच पुढे आहोत अशा समजुतीत बेट मारणारेही असतात. हेच १२० जर सकाळपासून कॉफी पीत बसलेल्या, तासाभरात पहिल्यांदाच चिप्सना हात लावलेल्या आजोबांनी टाकले असते तर हे आठ कॉम्बो शोधून सापडत नाहीत, आणि एक्का-राणी हसत टाकून द्यावी. अमेरिकन कार्डरूममध्ये अशा आजोबांना ‘ओल्ड मॅन कॉफी’ असं नावच पडलंय.

या हँडमध्ये आपण कुठेच रेज केलं नाही हे मुद्दाम. मॅनियाकला रेज केलं की तो फसलेले पत्ते फेकतो आणि सेट असेल तेव्हाच पुढे येतो, म्हणजे ज्याच्याकडून पैसे येणार होते तोच पळाला. त्याला बेट मारू द्यावं. ड्रॉ लागू नये म्हणून रेज करा असं सांगणारे बरेच भेटतात, पण टर्नवर फ्लशच्या (पाचही पत्ते एकाच रंगाचे) नऊ पत्त्यांपैकी एक रिव्हरला लागायची शक्यता २० टक्क्यांच्या आतच असते, आणि तो बाकी वेळी स्वतःहून आणखी १२० देणार असेल तर घाबरायचं कशाला. अपवाद एकच, समोरचा रेजला काहीही घेऊन कॉल करणारा असेल तर बिनधास्त रेज करा.

उलटी परिस्थिती म्हणजे आपण बेट मारली आणि टर्नवर कोणीतरी रेज केलं. टर्नवर रेज आलं की एका जोडीच्या हाताची किंमत पुन्हा तपासा, हा नियम पोकरवाल्यांमध्ये ‘बलूगा थिअरम’ म्हणून चालतो, आणि लो-स्टेक्स लाइव्हमध्ये तो ऑनलाइनपेक्षाही जास्त लागू पडतो कारण इथे टर्नवर ब्लफ-रेज करायची हिंमत फार थोडे दाखवतात.

स्टॅक (समोर असलेल्या चिप्स) किती खोल आहे त्यावरही बरंच ठरतं. वरच्या हँडमध्ये फ्लॉपवर ३४ च्या पॉटमागे २८५ डॉलर होते, म्हणजे आठपटीहून जास्त, तिथे एका जोडीवर स्वतःहून ऑल-इन जाणं (सगळे पैसे टाकणं) जड जातं. तेच आपण प्री-फ्लॉप ५० डॉलरपर्यंत री-रेज केलं असतं तर पॉट १०४ आणि मागे २५०, म्हणजे अडीचपटही नाही, मग टॉप पेअर टॉप किकर घेऊन आक्रमक माणसासमोर सगळे पैसे जाऊ द्यायला हरकत नाही. पॉटमध्ये चार-पाच जण असतील तर मात्र हे हिशोब विसरायचे, कारण मॅनियाकच्या बेटला मधल्या दोघांनी कॉल केलं तर त्या दोघांची भीती जास्त.

मराठी खेळाडूला या सगळ्याचा कायदेशीर लाइव्ह अनुभव घ्यायचा तर जवळची जागा गोवाच, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटी. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला, आणि २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद केले.

बसायची जागा निवडता येत असेल तर मॅनियाक आपल्या उजव्या हाताला हवा, म्हणजे त्याची चाल आधी, आपली नंतर. काही जण मुद्दाम त्याला डावीकडे ठेवतात, आपण चेक करायचं, तो बेट मारणार, मधले कोण कॉल करतंय ते दिसणार आणि मग आपली पाळी, टॉप पेअरसाठी हेही वाईट नाही. पण बाकीच्या शंभर हँडमध्ये त्याचं रेज आपल्या पाठीवर बसतं, त्यामुळे मॅनियाकच्या डावीकडची खुर्ची रिकामी झाली की डीलरला सीट चेंज सांगून ठेवणारेच जास्त दिसतात.