पाणी नसलेल्या डोंगरावरचे शहर

मेक्सिकोच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर वाहाकाचे खोरे आहे. वायव्येची एत्ला, पूर्वेची त्लाकोलुला आणि दक्षिणेचे थोरले खोरे अशा त्याच्या तीन शाखा जिथे एकत्र येतात, नेमका तिथेच एक डोंगर उभा आहे. खोऱ्याच्या तळापासून तो सुमारे ४०० मीटर उंच आहे. माथ्यावर बारमाही झरा नाही, नदी खाली राहते आणि उतारावरची माती पातळ व खडकाळ आहे. शेतकरी समाजाने गाव वसवण्यासाठी निवडावी अशी ही जागा मुळीच नाही. तरीही इ.स.पू. ५०० च्या सुमारास माणसे इथे राहायला आली आणि त्यांनी वसवलेले शहर पुढे सुमारे तेराशे वर्षे नांदले. आज या जागेला मोन्ते आल्बान म्हणतात आणि ते वसवणाऱ्या लोकांना झापोतेक.

झापोतेक हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी दिले. नावात्ल या अझ्टेकांच्या भाषेत गोड, मऊ गराच्या फळांना ‘त्झापोत्ल’ म्हणत आणि त्या फळांच्या मुलखातले लोक म्हणून हे झापोतेक. आपल्याकडे घोलवड-डहाणूच्या बागांत पिकणारा चिकू त्याच फळांपैकी एक असून त्याचे ‘सपोटा’ हे दुसरे नावही याच शब्दातून आले आहे. तेवांतेपेकच्या संयोगभूमीतील झापोतेक मात्र स्वतःला ‘बिन्निझा’, म्हणजे ढगांचे लोक, म्हणवतात.

या खोऱ्यातली शेती शहरापेक्षा कितीतरी जुनी आहे. मित्ला गावाजवळच्या गिला नाकित्स या लहानशा गुहेत पुरातत्त्वज्ञ केंट फ्लॅनरी यांनी १९६६ मध्ये उत्खनन केले. तिथे लागवडीखालच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया आणि मक्याची सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची कणसे मिळाली. ही कणसे बोटाएवढीही नव्हती. त्यांतून गावाचे पोट भरेल असे पीक घडायला हजारो वर्षे लागली आणि कायमची खेडी इ.स.पू. १५०० च्या आसपास उभी राहिली. पाऊस बेताचा आणि लहरी असला, तरी तळाच्या सपाट जमिनीत भूजल इतके वर होते की शेतातच जागोजागी उथळ विहिरी खणायच्या, मडक्याने पाणी शेंदायचे आणि एकेका रोपाच्या बुंध्याशी ओतायचे, अशी पद्धत तिथे रुजली. ती विसाव्या शतकापर्यंत चालू होती. तिला मोठे धरण लागत नाही की राजाज्ञाही लागत नाही. एका कुटुंबाचे कष्ट पुरतात. पुढच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट मला कळीची वाटते.

एत्ला शाखेतले सान होसे मोगोते हे सुरुवातीच्या खेड्यांतले सर्वांत मोठे. तिथले कारागीर मॅग्नेटाइट या लोहखनिजाला घासून लहान आरसे तयार करत आणि ते आरसे मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरील, ओल्मेक या प्राचीन लोकांच्या सान लोरेन्सो शहरापर्यंत जात. इ.स.पू. ६०० च्या सुमारास या गावातले मुख्य मंदिर जाळले गेले. आग इतकी प्रखर होती की मातीच्या भिंतींची काच झाली. त्याच काळातला मानला जाणारा एक कोरीव दगड तिथे दोन इमारतींमधल्या वाटेवर, उंबरठ्यासारखा आडवा टाकलेला सापडला. त्यावर छाती चिरलेला एक नग्न बंदी असून त्याच्या पायांमध्ये ‘१ भूकंप’ अशी दोन चिन्हे आहेत. हे २६० दिवसांच्या पंचांगातले एका दिवसाचे नाव आहे आणि जन्मदिवसावरून नाव ठेवण्याच्या प्रथेनुसार बहुधा त्या माणसाचेही. काही अभ्यासक हा दगड इतका जुना मानत नाहीत. पण जे मानतात त्यांच्या मते मेसोअमेरिकेतील (मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींच्या प्रदेशातील) लेखनाचा हा अगदी आरंभीचा नमुना आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पराभूताच्या अंगावर पडावा अशीच त्याची जागा होती.

तीन शाखांमध्ये वैर होते आणि त्यांच्यामधला सुमारे ८० चौरस किलोमीटरचा पट्टा जवळजवळ ओसाड राहिला होता. मोन्ते आल्बानचा डोंगर याच पट्ट्यात येतो. इ.स.पू. ५०० च्या सुमारास सान होसे मोगोते आणि एत्लातील इतर गावांमधले बरेचसे लोक तिथे वर गेले. शत्रूपासून बचाव हे त्याचे एक कारण असणार, कारण सोप्या चढाच्या बाजूंना त्यांनी तट बांधला. परंतु कोणत्याही एका शाखेची नसलेली आणि तिन्हींवर नजर ठेवता येईल अशी जागा, हेही कारण तितकेच वजनदार असावे. दोनतीनशे वर्षांत लोकसंख्या सुमारे ५,००० झाली आणि त्यानंतरच्या दोन शतकांत ती १७,००० च्या घरात गेली.

या आकड्यांमागचे श्रम डोळ्यांसमोर आणून पाहावेत असे आहेत. झापोतेकांकडे ओझे वाहणारे जनावर नव्हते, चाकाची गाडी नव्हती आणि धातूची हत्यारेही नव्हती. मक्याचा प्रत्येक दाणा आणि टंचाईच्या दिवसांत पाण्याचे प्रत्येक मडके माणसाच्या पाठीवरूनच वर आले. उतारावर २,००० हून अधिक पायऱ्या-पायऱ्यांची सपाटी घडवून त्यांवर घरे आणि परसबागा केल्या गेल्या. त्यासाठी शेजाऱ्यांना एकमेकांच्या बांधावर अवलंबून राहावे लागे, कारण वरचा बांध ढासळला तर खालचे घर गाडले जाणार. माथ्याचा खडक तासून आणि खोलगट भाग भरून सुमारे ३०० मीटर लांबीचे मुख्य पटांगण तयार केले गेले, ज्यात शहरातले जवळपास सर्वजण एकत्र जमू शकत होते. गॅरी फाइनमन यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ यावरून असे मानतात की सुरुवातीच्या शतकांत इथली सत्ता एका राजापेक्षा सामूहिक व्यवस्थेच्या हाती अधिक होती. त्या काळातल्या कोरीव कामात राजाचा गौरव करणाऱ्या प्रतिमा जवळजवळ नाहीत, हे त्यांच्या बाजूचे मोठे प्रमाण आहे.

त्या काळात कोरले गेले ते मारले गेलेले शत्रू. पटांगणालगतच्या एका इमारतीत ३०० हून अधिक शिळांवर वाकड्यातिकड्या हातापायांची नग्न माणसे दिसतात. पूर्वी त्यांना नर्तक समजले गेले आणि ‘दान्सान्तेस’ हे नाव आजही टिकून आहे. पण मिटलेले डोळे, उघडी तोंडे आणि छाटलेली जननेंद्रिये पाहिल्यावर ही बळी दिलेल्या बंद्यांची रांग आहे याबद्दल फारशी शंका उरत नाही. सामूहिक कारभार म्हणजे सौम्य कारभार नव्हे, हे इथे स्पष्ट दिसते. पटांगणातल्या बाणाच्या आकाराच्या ‘जे’ इमारतीवर ४० हून अधिक स्थळनावे कोरलेली आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या खाली उलटे मस्तक आहे. १८ हंगाम मोन्ते आल्बानचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी त्यांचा अर्थ जिंकलेली ठिकाणे असा लावला. त्यांपैकी एक चिन्ह उत्तरेकडच्या क्विकात्लान दरीचे मानले जाते आणि त्या दरीतल्या ला कोयोतेरा गावाच्या उत्खननात ६१ कवट्यांची मांडणी सापडली. खोऱ्यातल्या खोऱ्यातही प्रतिकार होत होता. दक्षिण शाखेत तिलकाहेतेच्या लोकांनी आपले पटांगण जळाल्यावर वर चढून एल पालेन्के येथे नवे गाव व राजवाडा उभारला. पुढे तोही जाळला गेला.

नंतरच्या शतकांत चित्र पालटले. शिळांवर आता राजे दिसू लागतात. दक्षिण चौथऱ्याजवळच्या शिळेवर ‘१२ जॅग्वार’ हा राजा सिंहासनावर बसलेला असून सोबतच्या शिळांवर बांधलेले बंदी आहेत, तर चौथऱ्याच्या कोपऱ्यांतील दगडांवर मध्य मेक्सिकोतल्या तेओतिवाकानहून आलेले दूत कोरलेले आहेत. त्या महानगराशी संबंध सलोख्याचे होते आणि तेओतिवाकानच्या पश्चिम भागात झापोतेकांची एक वेगळी वस्ती कित्येक शतके आपल्या पद्धतीच्या थडग्यांसह नांदत होती. इ.स. ५०० ते ७०० च्या दरम्यान मोन्ते आल्बानची लोकसंख्या सुमारे २५,००० या उच्चांकावर पोहोचली.

त्यानंतरच्या घसरणीला नाट्य नाही, आणि म्हणूनच ती मला अधिक विचार करायला लावते. शहर जळाल्याच्या खुणा नाहीत. सहाव्या शतकात तेओतिवाकान कोसळल्यावर, बलाढ्य शेजाऱ्यासमोर एकत्र राहण्याचे एक कारण नाहीसे झाले. याच काळापासून शिळांवर विजयांऐवजी विवाह येऊ लागतात: समोरासमोर बसलेली जोडपी, त्यांची नावे, त्यांचे पूर्वज. मान आता घराण्यातून येत होता आणि घराणी खोऱ्यात सर्वत्र होती. मीठ तयार करणाऱ्या लाम्बित्येकोच्या राजवाड्यातील भित्तिशिल्पात राजपुरुष हातात मांडीचे हाड धरून दाखवले आहेत. ते पूर्वजाचे हाड, म्हणजे वारशाचा पुरावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. अशा राजांना डोंगरावरच्या पटांगणाची गरज उरली नव्हती, आणि ज्या शेतकऱ्याचे पाणी त्याच्या शेतातच होते, त्याला तो मका वर वाहून नेण्याची सक्ती करणारेही कोणी राहिले नव्हते. इ.स. ८५० च्या आसपास मुख्य पटांगण वापरातून गेले आणि उतारावर काही हजार लोक राहिले.

वर ओस पडलेल्या राजधानीभोवती खाली काय घडले, हे पायी चालून समजले आहे. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ब्लँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी डोंगर आणि मग सारे खोरे, २,००० हून अधिक चौरस किलोमीटर, शेत-शेत पालथे घालून जमिनीवर पडलेल्या खापऱ्या तपासल्या आणि प्रत्येक काळातली प्रत्येक वस्ती नकाशावर मांडली. त्या नकाशांत खोरे रिकामे झालेले दिसत नाही. हालिएसा, साआचिला, यागुल आणि मित्ला ही ठिकाणे वेगवेगळ्या काळात आपापल्या परीने मोठी झाली. मित्लाच्या राजवाड्यांच्या भिंतींवर, चुन्याशिवाय घट्ट बसवलेल्या हजारो लहान दगडांची भौमितिक नक्षी आजही जागेवर आहे. डोंगराचे पावित्र्यही संपले नव्हते. शेजारच्या मिश्तेकांनी तिथले जुने झापोतेक थडगे उघडून त्यात आपले मृत ठेवले आणि १९३२ च्या जानेवारीत कासो यांना त्याच, सातवा क्रमांक दिलेल्या थडग्यात सोने, पाचू-रंगी जेड आणि कोरीव हाडांच्या शेकडो वस्तू मिळाल्या.

स्पॅनिश आले ते १५२१ मध्ये, आणि त्यांच्यासोबत आलेल्या रोगांनी खोऱ्याची जी हानी केली तिच्यापुढे मोन्ते आल्बानची घसरण काहीच नव्हती. तरीही झापोतेक गटातील भाषा आज चार लाखांहून अधिक लोक बोलतात. १७०४ मध्ये खोऱ्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या झापोतेक गावांनी, जुने धर्माचार पाळल्याची शिक्षा माफ होईल या आश्वासनावर, आपल्या जपून ठेवलेल्या सुमारे शंभर वह्या वाहाकाच्या बिशपच्या स्वाधीन केल्या. लिपी रोमन होती, भाषा झापोतेक होती, आणि पानापानांवर २६० दिवसांचे तेच पंचांग होते, ज्यातल्या एका दिवसाचे नाव सान होसे मोगोतेच्या दगडावर कोरलेले आहे. त्या वह्या आता सेव्हिलच्या अभिलेखागारात आहेत.