चोवीस तासांचं फळ

जानेवारीतल्या एका गार सकाळी आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पामोलिनच्या, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाच्या, डब्यात तळाशी पांढरा थर, आणि खाली इशारा: ‘यात मेण आहे, रक्तवाहिन्यांतही असंच गोठतं.’ दुपारपर्यंत तो चार घरांतून फिरून परत माझ्याकडे आला.

हे खरं नाही. पामोलिन साधारण १० अंशांच्या खाली गढुळतं, आणि इंदूरची जानेवारीतली रात्र तिथवर सहज उतरते. आजीच्या बाटलीतलं खोबरेल दर थंडीत दगडासारखं व्हायचं, त्याला कुणी मेण म्हटलं नाही. शरीराचं तापमान ३७ अंश, तिथे पामोलिन गोठत नाही. पामतेलातली जवळजवळ निम्मी मेदाम्लं संपृक्त असतात, म्हणून ते बेतानं खावं, एवढा सल्ला मात्र योग्य आहे. त्या डब्याबद्दल खरा विचारण्याजोगा प्रश्न दुसराच आहे: हे तेल कुठल्या जमिनीतून आलं?

इंदूर हे सोयाबीनचं शहर. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इथेच आहे. तरी शेवेच्या कितीतरी पाकिटांवर ‘पामोलिन’ लिहिलेलं दिसतं, आणि त्याला रसायनशास्त्रीय कारण आहे. सोया तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. त्याचे दुहेरी बंध तापलेल्या कढईत हवेतला ऑक्सिजन पटकन पकडतात, आणि शेवेला लवकर खवट वास येतो. पामोलिनमध्ये असे बंध कमी, म्हणून ते टिकतं. शिवाय स्वस्त, कारण पामच्या एका हेक्टरातून वर्षाला तीन-चार टन तेल निघतं. माळव्यातल्या हेक्टरभर सोयाबीनचं दहा क्विंटल उत्पन्न आणि १८ टक्के तेल धरलं, तर हाती येतं १८० किलो. म्हणूनच ‘पामतेलमुक्त’ अशी पाटी लावून बिस्किटं विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायला कितीतरी पट जमीन लागेल, आणि तीही कुठलं तरी रान मोडूनच मिळेल.

आता मूळ मुद्दा. पामचा घड १० ते २५ किलोंचा, त्यात हजारच्या वर केशरी-लाल फळं. त्यांच्या गरात तेल असतं आणि त्या गरातच लायपेज नावाचं विकरही (एन्झाइम) असतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलचा कणा आणि त्याला जोडलेली तीन मेदाम्लं. फळ शाबूत असतं तोवर लायपेज फारसं काही करत नाही. घड उंचावरून जमिनीवर आपटला, ट्रकमध्ये दाबला गेला, गर चेचला, की विकर आणि तेल एकत्र येतात. गरात पाणी भरपूर असतं. एकेक पाण्याचा रेणू वापरून लायपेज कण्यापासून एकेक मेदाम्ल तोडत जातं. सुटी झालेली ही मेदाम्लं तेलाची प्रत बिघडवतात. कच्च्या पामतेलाच्या व्यापारात त्यांची मर्यादा साधारण ५ टक्के धरतात, आणि चेचलेलं फळ काही तासांतच तिच्यापुढे जाऊ शकतं. उपाय एकच: गिरणीत घड आधी दाबाखालच्या वाफेत, १४० अंशांच्या आसपास, तासभर ठेवायचे. उष्णतेनं विकराची घडी विस्कटते आणि ते कायमचं निकामी होतं. २०१३ मध्ये या लायपेजचं जनुक सापडलं आणि ज्यांच्यात ते विकर जेमतेम काम करतं अशी पामची झाडंही सापडली, पण आज लागवडीत असलेल्या झाडांचं वेळापत्रक तेच जुनं आहे. कापणीनंतर २४ तास, फार तर ४८.

सोयाबीनशी तुलना करा. दाणा वाळलेला, पाणी नाही, विकरं झोपलेली. आपला शेतकरी पोती घरात रचून भाव चढायची वाट बघू शकतो. पामवाल्याला ती मुभा नाही. जवळच्या गिरणीला, नाहीतर दारात ट्रक घेऊन आलेल्या दलालाला, मिळेल त्या भावात आजच द्यायचं. इंडोनेशियात पामखालचं सुमारे ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांचं आहे. दलालाच्या ट्रकमध्ये दहा शेतांचे घड मिसळतात, आणि वाफेच्या टाकीत गेल्यावर कायदेशीर शेतातलं कुठलं आणि जंगल तोडून लावलेलं कुठलं, हे कुणालाच ओळखता येत नाही. इंडोनेशियाच्याच सुमात्रा बेटावरच्या तेस्सो निलो राष्ट्रीय उद्यानात बेकायदा पिकवलेली फळं गिरण्यांत पोचतात, हे डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेनं ट्रकांचा माग काढून २०१३ मध्ये दाखवून दिलं.

त्यामुळे एकेका मळ्याला प्रमाणपत्र देणं अपुरं ठरतं. आरएसपीओ हे शाश्वत पामतेलाचं मंडळ २००४ मध्ये स्थापन झालं, आणि २००८ पासून तसं प्रमाणपत्र दिलं जातं. एक मळा स्वच्छ झाला तरी शेजारचं जंगल तुटून त्याच गिरणीत फळ येऊ शकतं. फळाला फार दूर जाताच येत नाही, म्हणून गिरणी आणि तिच्याभोवतीचा पन्नासेक किलोमीटरचा परिसर हाच हिशेबाचा खरा घटक. त्याच्या सर्वांत जवळ येणारी सरकारी चौकट म्हणजे जिल्हा. बोर्निओवरच्या मलेशियातल्या साबा राज्यानं २०१५ मध्ये राज्यातलं सगळं पामतेल प्रमाणित करायचं ठरवलं. इंडोनेशियातल्या सेरुयान जिल्ह्यानं तोच मार्ग धरला. सुमात्रातल्या सियाकनं २०१६ मध्ये स्वतःला ‘हिरवा जिल्हा’ जाहीर केलं, आणि २०१७ मध्ये अशा जिल्ह्यांचा संघही उभा राहिला.

यात स्वयंसेवी संस्थांचं काम काय? इंडोनेशियातला जिल्हाप्रमुख, बुपाती, आपल्या कलेक्टरसारखा नेमलेला नसतो, निवडून येतो. लहान शेतकऱ्याच्या लागवडीची नोंद करून कागद द्यायचा अधिकार त्याच्या कार्यालयाकडे असतो. पण शेताच्या बांधावरून जीपीएस घेऊन चालायला माणसं नसतात. सेरुयानमध्ये इनोबू नावाच्या संस्थेनं ते केलं: शेतांचे नकाशे, शेतकऱ्यांचे गट, अर्ज. संस्थेला कागद देता येत नाही आणि कार्यालयाला शेत दिसत नाही, म्हणून दोघांना एकमेकांची गरज. अडचणीही मोठ्या आहेत. बुपाती पाच वर्षांनी बदलू शकतो. आणि सरकारी वनहद्दीत येणारी शेतं केंद्रातल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत, तिथे जिल्ह्याचं काही चालत नाही.

आपल्याकडे हे लांबचं राहिलेलं नाही. केंद्र सरकारचं खाद्यतेल-पाम अभियान ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालं, ११,०४० कोटींचं, आणि त्याचा भर ईशान्येकडच्या राज्यांवर आहे. आंध्र प्रदेशात १९९३ च्या कायद्यानं प्रत्येक गिरणीला ठरावीक भाग नेमून दिलेला असतो. त्या तरतुदीमागे हेच लायपेज आहे. मिझोराममध्ये शेतकऱ्यांनी पाम लावला, पण गिरणी दूर आणि रस्ते डोंगरातले, त्यामुळे घड वाटेतच कुजले. ईशान्येत नवी गिरणी मंजूर करताना तिच्याभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ आधी आखता येईल, आणि त्यात कुठलं जंगल येतं ते रोप लावण्यापूर्वी गावकऱ्यांसोबत पाहता येईल. सेरुयानला हा नकाशा झाडं फळायला लागल्यावर काढावा लागला.