रन म्हणजे पळणे, आणि अजून सहाशेवर गोष्टी

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कुठल्या शब्दाला असं विचारलं की लोक काहीतरी भारदस्त शब्द शोधायला लागतात. उत्तर आहे रन. हो तोच, बालवाडीतल्या पोरांना येतो तो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीवाल्यांनी २०११ च्या सुमारास या शब्दाची नोंद नव्याने लिहिली तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराचे नऊ महिने त्यात गेले. आपण क्रिकेटमध्ये दोन रन काढले म्हणतो तो रन नाम आहे, म्हणजे तो यात धरलेलाच नाही (चौकार गेला तर कुणी पळत पण नाही, तरी चार रन मिळतात, ते वेगळंच). याआधी हा मान सेट या शब्दाकडे होता, १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ होते आणि एकटी ती नोंद साधारण ६०,००० शब्दांची होती!

आता असे साधेच शब्द का फुगतात? जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्ये यावर एक हिशोब मांडला, की शब्द जितका जास्त वापरात तितके त्याचे अर्थ जास्त, पण सरळ प्रमाणात नाही तर वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा १०० पट जास्त वापरला जात असेल तर त्याचे अर्थ साधारण १० पट. अर्थात हा ढोबळ कल आहे, प्रत्येक शब्दाला तंतोतंत लागू होईल असं नाही. पण कारण पटण्यासारखं आहे, नवीन गोष्ट आली की माणूस नवा शब्द घडवत बसत नाही, तोंडात बसलेलाच एखादा ताणतो. यंत्रं आली तेव्हा इंग्रजांनी रन ताणला, मग मशीन रन व्हायला लागलं, ट्रेन रन व्हायला लागली, पुढे कंपनी आणि मग कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम.

गंमत म्हणजे इंग्रजांची मशीन पळते आणि आपली चालते. दुकान चालतं, गाडी चालते, कायद्यापुढे कुणाचं काही चालत नाही, आणि काहीच नसेल तर "चालेल" आहेच. फ्रेंच लोकांचं पण आपल्यासारखंच, त्यांच्याकडेही मशीन चालतंच. निवडणुकीचं बघा, अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये तो स्टँड करतो आणि आपल्याकडेही उभाच राहतो. पळणे, चालणे, उभं राहणे या तिन्ही शरीराच्या साध्या क्रिया, कुठल्या भाषेने कुठली उचलली एवढाच फरक.

मला सगळ्यात भारी वाटतो तो रस्त्याचा अर्थ. इंग्रजीत रस्ता डोंगरातून रन होतो, मराठीत घाटातून जातो, वळसा घेतो, खाली उतरतो. प्रत्यक्षात रस्ता जागचा हलत नाही. मग हे नुसतं बोलण्यापुरतं, की डोक्यात खरंच काहीतरी हलतं? टीनी मॅटलॉक या संशोधिकेने २००४ मध्ये याचे प्रयोग छापले. लोकांना आधी एक छोटी गोष्ट वाचायला दिली, काहींना माणूस वाळवंटातून भरभर जातो अशी, काहींना रखडत जातो अशी, आणि मग दोघांनाही रस्ता वाळवंट ओलांडतो अशा अर्थाचं एकच वाक्य दिलं. रखडणारी गोष्ट वाचलेल्यांना ते वाक्य समजायला जास्त वेळ लागला. वाक्यात तर कुणीच प्रवास करत नव्हतं! म्हणजे अर्थ कितीही ताणला तरी मूळची हालचाल आत कुठेतरी शिल्लक राहते, कोशात जरी त्याला वेगळा नंबर पडला तरी.

बरं, इतके अर्थ असून ऐकताना गोंधळ का होत नाही? डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये बग हा शब्द घेऊन एक प्रयोग केला, बग म्हणजे किडा आणि बग म्हणजे चोरून ऐकायचं यंत्र. लोकांच्या कानावर गोष्ट पडत होती ज्यात कोळी, झुरळं वगैरे आधीच आलेले, म्हणजे किड्याबद्दल शंकाच नको. बग ऐकू आल्याक्षणी स्क्रीनवर एक शब्द दाखवायचा आणि तो लोक किती पटकन ओळखतात ते मोजायचं. मुंगी लवकर ओळखली हे ठीक, पण गुप्तहेर पण तितक्याच लवकर ओळखला गेला! तीनच अक्षरांनंतर तपासलं तर फक्त मुंगी उरली होती. मेंदू आधी दोन्ही अर्थ उघडतो आणि नको तो क्षणात मिटतो, आपल्याला पत्ता पण लागत नाही.

आणि सगळेच बहुअर्थी शब्द त्रास देत नाहीत. जेनी रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ मध्ये दिसलं की बार्क सारखे शब्द, ज्याचे झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणं असे एकमेकांशी संबंध नसलेले अर्थ आहेत, ते ओळखायला लोकांना जास्त वेळ लागतो, पण ट्विस्ट सारखे शब्द, ज्यांचे भरपूर पण एकमेकांशी नातं असलेले अर्थ आहेत, ते उलट लवकर ओळखले जातात. रनचे बरेचसे अर्थ या दुसऱ्या जातीचे.

मग ६४५ हा आकडा खरा का? खरं सांगायचं तर तो कोशकाराच्या कात्रीवर आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वर्डनेट या शब्दसंग्रहात याच क्रियापदाचे ४१ अर्थ आहेत. आणि तेसुद्धा जास्तच झाले, कारण कॉम्प्युटरला शिकवण्यासाठी माणसांना वाक्यं देऊन "यातला नेमका कुठला अर्थ ते सांगा" म्हटलं की दोन शिकलीसवरलेली माणसं वेगवेगळी उत्तरं देतात. म्हणून २००६ च्या सुमारास ऑन्टोनोट्स प्रकल्पात सरळ नियमच केला, दोघांचं ९० टक्के वेळा एकमत होत नसेल तर ते अर्थ वेगळे ठेवायचेच नाहीत, एकत्र करून टाकायचे.