जिलेट चषक, १९६३

जिलेट चषक, १९६३ : इंग्लंडमधील प्रथम श्रेणीच्या सर्व कौंटी (परगणा) संघांची मर्यादित षटकांची पहिली बाद पद्धतीची स्पर्धा. १७ कौंट्या, १६ सामने. ६५ षटकांचा डाव आणि एका गोलंदाजाला जास्तीत जास्त १५ षटके. १ मे १९६३ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर प्राथमिक फेरीचा एकमेव सामना सुरू झाला. ७ सप्टेंबरला लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात ससेक्सने वूस्टरशायरचा १४ धावांनी पराभव केला.

या स्पर्धेला मर्यादित षटकांच्या क्रिकेटचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. तो जपूनच स्वीकारावा लागतो. बाद पद्धतीची कल्पना इंग्लंडमध्ये जुनी होती. १८७३ साली मेरिलिबोन क्रिकेट क्लबने कौंट्यांसाठी एक चषक जाहीर केला होता. केंट विरुद्ध ससेक्स हा एकच सामना होऊन तो बारगळला. त्या सामन्याला षटकांची मर्यादा नव्हती, म्हणून त्याला पूर्वज म्हणायचे ते बाद पद्धतीपुरतेच. दुसऱ्या महायुद्धानंतर कौंटी सामन्यांना लोटलेली गर्दी १९५०च्या दशकात झपाट्याने ओसरली. हॅरी ऑल्थम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५७च्या सुमारास बाद पद्धतीच्या स्पर्धेचा विचार पुढे मांडला, पण सामना अनिर्णित राहिला तर काय, हा प्रश्न सुटेना. षटके ठरवून दिल्यावरच तो सुटला. कौंट्यांच्या सल्लागार समितीने १९६१च्या अखेरीस १९६३पासून स्पर्धा घेण्याचे ठरवले.

तेवढाही धीर लेस्टरशायरचे चिटणीस माइक टर्नर यांना नव्हता. मे १९६२मध्ये लेस्टरशायर, डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर आणि नॉर्दॅम्प्टनशायर या चार शेजारी कौंट्यांचे मोकळे दिवस जुळवून त्यांनी ६५ षटकांची छोटी बाद स्पर्धा भरवली. अंतिम सामन्यात नॉर्दॅम्प्टनशायरने लेस्टरशायरला हरवले. पुढच्या वर्षीच्या नियमांचा सांगाडा इथेच उभा राहिला. तरीही संख्याशास्त्रज्ञांच्या ‘लिस्ट ए’ या, वरच्या दर्जाच्या मर्यादित षटकांच्या सामन्यांच्या वर्गवारीत या सामन्यांना स्थान नाही. ती यादी १ मे १९६३पासून सुरू होते. ही वर्गवारी पुष्कळ नंतर, मागे वळून केलेली आहे. नोंदवहीच्या सोयीसाठी ती योग्यच, पण उगमाचा निवाडा तिच्यावरून करू नये.

भारतातही एक दावा आहे. केरळमधील त्रिपुणितुरा येथे के. व्ही. केळप्पन तंपुरान यांनी १९५१च्या सुमारास सुरू केलेल्या पूजा स्पर्धेत डावाला षटकांची मर्यादा होती, असे सांगितले जाते. कालक्रमाने ती स्पर्धा आधीची ठरते. तिचा प्रभाव इंग्लंडपर्यंत पोहोचल्याचा पुरावा मात्र नाही. दोन्ही ठिकाणी ही युक्ती स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुरस्कर्ता म्हणून दाढीची पाती बनवणाऱ्या जिलेट कंपनीने ६,५०० पौंड दिले. प्रत्येक सामन्यात एका खेळाडूला सामनावीराचा पुरस्कार देण्याची प्रथाही याच हंगामात रुजली. पहिला मानकरी लँकेशायरचा पीटर मार्नर. लेस्टरशायरविरुद्ध त्याने १२१ धावा केल्या आणि स्पर्धेतले पहिले शतक त्याच्या नावावर लागले. लेस्टरशायरच्या मॉरिस हॅलमनेही शतक ठोकले, पण लँकेशायर १०१ धावांनी जिंकले. पावसामुळे हा ‘एकदिवसीय’ सामना दुसऱ्या दिवशी संपला.

चेंडू तांबडा, कपडे पांढरे, क्षेत्ररक्षणावर कसलेच बंधन नाही. बहुतेक कर्णधार नेहमीच्याच रीतीने खेळले : स्लिपमध्ये (यष्टिरक्षकाच्या बाजूला झेलासाठी) माणसे, गडी बाद करण्यावर भर. ससेक्सचा कर्णधार टेड डेक्स्टर याने मात्र नियम नीट वाचला होता. गडी बाद न करताही सामना जिंकता येतो, हे त्याच्या लक्षात आले. त्याने मध्यमगती गोलंदाजांकडून टप्पा अचूक ठेवून घेतला, स्लिप रिकाम्या केल्या आणि क्षेत्ररक्षक थेट सीमारेषेवर पाठवले. टनब्रिज वेल्सला केंटच्या पीटर रिचर्डसनने १२७ धावा करूनही ससेक्स ७२ धावांनी जिंकले, ते याच बेतामुळे. पुढे होव्हला यॉर्कशायर २२ धावांनी हरले, तर नॉर्दॅम्प्टनच्या उपांत्य सामन्यात डेक्स्टरनेच ११५ धावा काढल्या. हे क्रिकेट नव्हे, अशी टीका त्या वेळीही झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती : क्षेत्ररक्षणाच्या वर्तुळाचे पुढचे सारे नियम अशाच डावपेचांना आवर घालण्यासाठी आले. तरी मर्यादित षटकांची स्वतंत्र बुद्धी पहिल्यांदा डेक्स्टरलाच सुचली, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात जॅक फ्लॅव्हेलने १४ धावांत ६ गडी टिपले. लँकेशायरचा डाव ५९ धावांत आटोपला आणि वूस्टरशायर ९ गडी राखून अंतिम फेरीत गेले.

लॉर्ड्सवरची खेळपट्टी ओलसर होती आणि फिरकीला साथ देत होती. ससेक्सचा डाव ६०.२ षटकांत १६८ धावांवर संपला. यष्टिरक्षक जिम पार्क्सने ५७ धावा केल्या, डावखुऱ्या नॉर्मन गिफर्डने ३३ धावांत ४ गडी बाद केले. उत्तरादाखल वूस्टरशायरचा टॉम ग्रेव्हनी २९वर परतला. त्यानंतर तरुण जॉन स्नोने १३ धावांत ३ गडी टिपले. अंधारून येत होते, डेक्स्टरने माणसे दोरीवर नेऊन उभी केली होती आणि रॉय बूथ शेवटच्या गड्याला हाताशी धरून एकेक धाव जमवत होता. १५४वर शेवटचा गडी बाद झाला तेव्हा १० चेंडू शिल्लक होते, बूथ ३३वर नाबाद. सामनावीर पराभूत संघाचा गिफर्ड ठरला. ससेक्स क्लबची स्थापना १८३९ची. त्याचे हे पहिलेच विजेतेपद. कौंटी अजिंक्यपदासाठी त्याला २००३पर्यंत थांबावे लागले.

१९६४मध्ये डाव ६० षटकांचा झाला, छोट्या कौंट्यांनाही प्रवेश मिळाला आणि ससेक्सने चषक राखला. जिलेटचे नाव १९८०पर्यंत टिकले. भारतात याच धर्तीची विभागीय बाद स्पर्धा दहा वर्षांनी, १९७३-७४मध्ये, पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधर यांच्या नावाने सुरू झाली. तिचे डावही आरंभी ६० षटकांचेच होते. त्याच मोसमानंतर, जुलै १९७४मध्ये, अजित वाडेकर याच्या नेतृत्वाखाली भारत हेडिंग्ली येथे पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला.