आजीबाईचा बटवा

किरकोळ दुखण्यांवर घरच्या घरी उपचार करता यावेत म्हणून मराठी कुटुंबांत जपून ठेवलेला वनौषधींचा संग्रह, तसेच ती औषधे कशी, किती आणि कोणाला द्यावीत याविषयीचे तोंडी चालत आलेले ज्ञान, या दोहोंना मिळून ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतात. बटवा म्हणजे नाडी ओढून तोंड आवळता येणारी, आत कप्पे असलेली कापडी पिशवी. पानसुपारीप्रमाणेच सुंठ, वेखंड, जायफळ, मायफळ अशा सुक्या, टिकाऊ वस्तू तिच्यात राहत. आता पिशवीची जागा बहुधा डब्याने घेतली असली, तरी नाव तेच राहिले आहे. या ज्ञानाची मुळे आयुर्वेदात असली, तरी बटवा म्हणजे आयुर्वेद नव्हे. तो वैद्याकडे जाण्याआधीचा, ओळखीच्या माणसाच्या ओळखीच्या दुखण्यापुरता उपचार आहे, आणि ही मर्यादा हेच त्याचे खरे बळ होते.

बटव्यातील बरीचशी औषधे स्वयंपाकघराच्या मांडणीवर आणि परसात सापडतात. पोट फुगल्यास ओवा व सैंधव चावून खाणे, तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावणे, दाढदुखीवर लवंग धरणे, सर्दीला गवती चहा, आले व तुळशीचा काढा घेणे आणि खोकल्याला अडुळशाची पाने वाफवून काढलेला रस मधातून चाटणे हे त्यांतील नेहमीचे उपाय होत. कोकणात व गोव्यात पित्तावर आमसुलाचे सार घेतात, तर भेगाळलेल्या टाचांना कोकमाचे तेल, म्हणजेच भिरंडेल, कोमट करून चोळतात. बाळंतिणीसाठीचे अळिवाचे व डिंकाचे लाडू याच परंपरेतले असले, तरी ते औषधापेक्षा आहारात अधिक मोडतात.

या परंपरेतील सर्वांत काटेकोर प्रयोग म्हणजे बाळगुटी. बाळहिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, जेष्ठमध, सागरगोटा, बदाम व खारीक अशा वस्तू स्वच्छ धुतलेल्या सहाणेवर एकामागून एक, आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात उगाळतात. माप वजनाचे नसते, वेढ्यांचे असते. सहाणेवर वस्तूचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक वेढा. अतिविषाचा जेमतेम एक वेढा आणि भिजवलेल्या बदामाचे व खारकेचे अधिक, असा भेद त्यात असतो. बाळाला शौचास कडक होत असेल तर बाळहिरडा वाढवतात, जुलाब होत असतील तर तो थांबवून जायफळाचा वेढा देतात. आंघोळीनंतर हे चाटण बोंडल्याने किंवा बोटाने पाजतात. मुरुडशेंगेची शेंग पिळ घातल्यासारखी असल्यामुळे ती पोटातील मुरड्यावर चालते, असे सांगितले जाते. मात्र आकाराच्या साम्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

बाळगुटीबाबत आज काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहाण, पाणी किंवा बुरशी लागलेले जिन्नस यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. एक वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे असते, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार संभवतो. वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरले असून अमेरिकेत खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी आहे.

बटव्यातील आणि वैद्यांच्या वापरातील काही वनस्पतींचा आधुनिक औषधशास्त्राशी थेट संबंध जुळला. लवंगेतील युजेनॉल दंतवैद्यकात अजूनही वापरले जाते, आणि अडुळशातील व्हॅसिसीनच्या रचनेवरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन तयार झाले. सर्पगंधेची कथा तर मुंबईशी निगडित आहे. तेथील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर अभ्यासून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याने रक्तदाब उतरत असे, पण काही रुग्णांना तीव्र नैराश्यही येत असे. वनस्पतीपासून आले म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही, हे त्यावरून दिसले. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट देण्यात आले, तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील पुरावे सादर करून त्यास आव्हान दिले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

घरगुती उपचाराचे यश तपासताना रोगाची स्वाभाविक गती लक्षात घ्यावी लागते. दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ‘ए’ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. गावोगाव मिळणाऱ्या काविळीच्या मुळ्यांना त्याचे श्रेय मिळते, आणि त्याच विश्वासामुळे पित्तनलिकेतील अडथळ्याचा किंवा यकृत निकामी होऊ लागलेला रुग्ण उशिरा दवाखान्यात पोहोचतो. विंचूदंशाचेही तसेच आहे. कोकणातील लाल विंचवाचे विष हृदयावर घातक परिणाम करते. मंत्र व मुळ्यांनी विंचू ‘उतरवण्यात’ मोलाचे तास जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीचा उपयोग दाखवून दिल्यावर या दंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले.

बटव्यातील वस्तू अर्क, गोळी किंवा कॅप्सूलच्या रूपात बाजारात आल्या, तेव्हा मात्रेचे व ओळखीचे जुने बंधन सुटले. फोडणीतली चिमूटभर हळद आणि तिच्या सत्त्वाची, काळ्या मिरीतील पायपरिन मिसळून शोषण वाढवलेली गोळी या सारख्या गोष्टी नव्हेत. अशा पूरक गोळ्या घेणाऱ्यांत २०१९ मध्ये इटलीत यकृतदाहाचे रुग्ण आढळले. कोविड साथीच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल सर्रास घेतली गेली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी त्यातून यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे म्हटले. कुंपणावरची वेल ओळखून तोडणाऱ्या बाईला जो प्रश्न पडत नव्हता, तो बाटलीतल्या चूर्णाबाबत पडतो. जेष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. त्यामुळे रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांना तो घसादुखीच्या तुकड्यापलीकडे देऊ नये.

औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा अनेक रोगांवर इलाज असल्याच्या जाहिराती करण्यास मनाई आहे, आणि ती वनौषधींनाही लागू होते. पारंपरिक बटव्यात या रोगांसाठी वेगळा कप्पा नव्हता. तेथे होती ती पडसे, पोटदुखी, दाढदुखी, खरचटणे आणि रात्री रडणारे बाळ यांचीच औषधे.